तेरावा महिना

हाउझेनपासून दोन तास पायी,
मग उघड्या खडकावर अनवाणी, चार पायांनी,
आणि वर पोचलो तर लेण्याच्या दाराला कुलूप.

किल्ली आबा तेकलेवेनींकडे.
आबा खालच्या वस्तीत, कुणाच्या तरी चाळिसाव्याला.
आणतो, म्हणाला फिलमोन, नऊ वर्षांचा,
आणि उतरलासुद्धा,
जिथे मला येताना
बोटभर जागा सापडत नव्हती.

दाराशी लेतेब्रहान बसलेली, त्याची आजी.
घरी बसलं की गुडघे आखडतात म्हणून
रोज डोंगर चढते.
ओच्यातून भाजलेले जवस काढून
माझ्या ओंजळीत ओतले. जवस नव्हे, जव.
(भाषा अशी घसरते इथे, पायासारखी.)

मेब्रातू दुभाष्या. पूर्वी भौतिकशास्त्र शिकवायचा.
शाळेत आधी सैनिक राहिले, मग शेळ्या,
आता पुन्हा मुलं आहेत, पण बाक नाहीत.
हे त्याने सांगितलं
उतारावरचं गणित सांगावं तसं,
घर्षण धरून.

आज तारीख काय, मी विचारलं.
पागुमेनची तीन, तो म्हणाला.
बारा महिने तीस-तीस दिवसांचे,
उरलेल्या पाच दिवसांचा हा तेरावा.
कधी सहा.

आणि माझ्या तोंडात आपसूक आली
आमच्याकडची ती म्हण,
दुष्काळातली,
जी आम्ही पाहुणे वाढले तरी म्हणतो,
गॅस संपला तरी म्हणतो.
ओठांशी आली आणि जवाबरोबर
मी चावून टाकली.

कारण लेतेब्रहान सांगत होती
तिचं सत्त्याहत्तर साल.
त्यांचं सत्त्याहत्तर. आमचं वेगळं.
भुकेचं एकच.

त्या वर्षीही आला तेरावा.
या दिवसांत आभाळ उघडतं,
पडेल ते पाणी तीर्थ,
लेकरांना उघडं करून पावसात उभं करायचं,
वर्षाची इडापिडा धुऊन जाते.
आईने आम्हा चौघांना उभं केलं.
आभाळ कोरडं, भाजलेल्या तव्यासारखं.
तरी तिने रिकामा तांब्या घेतला
आणि एकेकाच्या डोक्यावर
सावकाश उपडा केला.
कानामागे चोळलं. टाचा चोळल्या.
पदराने पुसलंसुद्धा.

मेब्रातूने एवढंच सांगितलं.
ती बरंच बोलली होती.
चौघांपैकी किती, हे मी विचारलं नाही,
त्यानेही नाही.

समोर खाली गेराल्ता हिरवागार,
जवाच्या पट्ट्या, बांधावर पिवळी फुलं,
एका शेतात गंजलेला रणगाडा,
त्याच्या तोफेवर कुणाचं तरी धुणं.

फिलमोन आला धापा टाकत.
हातात किल्ली, कोपरापर्यंत लांब,
लोखंडी, दात तीन.
आबा मात्र आले नाहीत.
उद्या येतो म्हणाले, सुवा फार झाली.
आणि आबांशिवाय दार उघडत नाहीत.

म्हणजे आत डोळे वटारलेले देवदूत असतील,
छतावर घोडे असतील, लाल, ओल खाल्लेले,
मी पाहिले नाहीत.
हवं तर फळीच्या फटीला नाक लावा, मेब्रातू म्हणाला.
लावलं.
धूप, वटवाघळं, जुनं मेण.

मग पूर्वेकडून पाऊस आला.
मी आडोसा शोधू लागले.
लेतेब्रहान उठली,
नातवाचा सदरा ओढून काढला,
त्याला खडकाच्या टोकाशी उभं केलं
आणि चोळू लागली, मान, कानामागे, टाचा,
तो ओरडत होता, हसत होता, सुटू पाहत होता,
तिची पकड कुलपासारखी.

मेब्रातूने चष्मा काढून खिशात ठेवला
आणि तोंड वर केलं.

शेवटी तिने किल्लीही
पावसात ठेवली, उताण्या बाळासारखी.
लोखंडालाही वर्षातून एकदा लागतं, म्हणाली.

तू मघाशी काहीतरी पुटपुटलीस, मेब्रातू म्हणाला.
तुमच्यात तेराव्याला काय म्हणतात?

आमच्यात नसतो, मी म्हटलं,
तसा.
आणि आडोशातून बाहेर आले.